जागा सांगा, लाकूड सांगते

दिवाळी अंकात संपादकांनी ‘लाकडाबद्दल काहीही विचारा’ अशी चौकट छापली आणि महिन्याभरात माझ्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा आला. तो मी वखारीतच वाचला, एकीकडे करवतीचा आवाज, दुसरीकडे चहा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी चिपळुणात इमारती लाकडाची वखार चालवते. सासऱ्यांनी सुरू केलेली. ते अंथरुणाला खिळले तेव्हा ‘चार दिवस गल्ल्यावर बस’ म्हणून मला बसवलं, ते चार दिवस 1993 पासून चालू आहेत. मेस्त्री लोक मला वहिनी म्हणतात, तुम्हीही म्हणा.

निम्म्या पत्रांत एकच प्रश्न आहे: सगळ्यात चांगलं लाकूड कुठलं? सासरे गिऱ्हाईक आत आलं की भाव सांगण्याआधी विचारायचे, ‘लावणार कुठे?’ मीही तेच विचारते. ज्यांनी जागा लिहून कळवली, त्यांची पत्रं आधी घेते.

प्रश्न : फ्लॅटच्या मुख्य दरवाजाला सागवान लावायचं आहे. एका दुकानात सीपी दाखवलं, दुसऱ्यात बर्मा, तिसऱ्यात घाना. भावात जमीन-अस्मानाचा फरक, आणि तिघेही म्हणतात ‘प्युअर सागवान’. खोटं कोण बोलतंय? (पिंपरीचे एक वाचक. पाचवा मजला, दार लॉबीत उघडतं.)

तिघेही खरं बोलत असू शकतात. झाड एकच, साग. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्स. तो प्रांत कधीच गेला, पण लाकूडबाजाराने नाव सोडलं नाही. आजच्या हिशेबाने चंद्रपूर-गडचिरोली आणि मध्य प्रदेशातलं जंगली सागवान. बल्लारशाच्या डेपोत त्याचे लिलाव होतात. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 मध्ये साग गेला तो तिथूनच. ‘बर्मा’ हा शब्द ऐकला की मात्र मी कान टवकारते. म्यानमारने 2014 पासून गोल ओंडके देशाबाहेर पाठवणं बंद केलं आहे. कापीव माल येत होता, जुना साठाही असतो, पण बाजारात ‘बर्मा’ हे गावाचं नाव कमी आणि कौतुकाचं विशेषण जास्त झालंय. घाना म्हणजे तिथल्या लागवडीतला साग. तोही सागच, पण तरुण, वीस-पंचवीस वर्षांत तोडलेला. फक्त ‘आफ्रिकन टीक’ एवढंच कुणी म्हणालं तर जरा थांबा. त्या नावाखाली इरोकोसारखी निराळ्याच जातीची लाकडंही विकली जातात.

गाव विचारण्यापेक्षा गाभा विचारा. झाडाच्या मधलं पिकलेलं लाकूड म्हणजे गाभा. त्याभोवती फिकट पांढरट कडं असतं ते रसकाठ. सागाची सगळी कीर्ती गाभ्याची आहे. वाळवीला नकोसं वाटणारं तेल तिथेच असतं. सागाचं रसकाठ मात्र किडा आंब्याच्या फळीइतक्याच आवडीने खातो. तरुण झाडात गाभा कमी आणि रसकाठ जास्त, म्हणून तो माल स्वस्त. रुंद रेघांचं लाकूड म्हणजे कच्चं, असं काही मेस्त्री सांगतात. सागाच्या बाबतीत ते सरसकट खरं नाही. भरभर वाढलेला सागही ताकदीला बरा असतो, फक्त त्यात रसकाठ किती शिरलंय ते बघायचं.

दुकानात गेल्यावर पॉलिश केलेला नमुना बाजूला ठेवायला सांगा आणि एका कोपऱ्यावर रंधा मारून मागा. आत्ता हे लिहिताना माझ्यासमोर तसाच एक तुकडा आहे. ताजा छिलका निघाला की आतला रंग सोनेरी नसतो, हिरवट-मळकट असतो, मधे काळसर रेघा. नवखं गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. तोच तुकडा आठवडाभर उजेडात राहिला की मधासारखा होतो. छिलका बोटांत चोळला तर मेणचट लागतो आणि वास येतो जुन्या चामड्याचा. माझा करवतवाला वासाआधी आवाजावरून ओळखतो. सागात वाळूसारखी सिलिका असते, पातं लवकर बोथट होतं आणि मशीन कुरकुरायला लागतं.

हिशेब घरी करून जा. जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार भागिले 144 म्हणजे घनफूट. दाराच्या चौकटीला सात फुटी दोन उभे आणि साडेतीन फुटी एक आडवा, पाच बाय तीनचा माल: 17.5 फूट गुणिले 15, भागिले 144. म्हणजे 1.82 घनफूट. कुणी अडीच सांगितलं तर कुठल्या तुकड्याचे ते विचारा. भाव कापीव मापावर असतो, रंधा मारल्यावर पाच बाय तीन पावणेपाच बाय पावणेतीन होणारच, त्यावरून भांडू नका.

तुमचं दार लॉबीत आहे, ना पाऊस ना ऊन. चौकट गाभ्याच्या सीपीची करा, दाराला घाना चालेल. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली सागाचं एक लढाऊ जहाज बांधलं होतं, त्रिंकोमाली. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. तुमच्या दाराला एवढं काही करायचं नाही.

प्रश्न : आजोळचं कौलारू घर नव्वद वर्षांचं आहे. पश्चिमेच्या पडवीचे वासे आणि दोन खांब गेलेत. मेस्त्री म्हणतो किंजळ, मामा म्हणतात ऐन, भाऊ म्हणतो लोखंडी पाइप घाला आणि मोकळे व्हा. (एक वाचक, संगमेश्वर तालुका)

खांब ऐनाचे, वासे किंजळीचे, म्हणजे मामा आणि मेस्त्री दोघांचाही मान राहील. चेष्टा नाही, तसंच करा. ऐन ओळखायला सोपा, साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. लाकूड जड, गडद, ताकदीचं आणि हट्टी. भोक पाडल्याशिवाय खिळा जात नाही आणि घाईत वाळवला तर फुटतो. उभ्या भाराला मात्र उत्तम. किंजळ त्याच्याच कुळातली, आपल्याकडच्या डोंगरांत भरपूर. दिवाळीच्या सुमारास फळांनी तांबूस झालेली झाडं घाटात दिसतात, ती हीच. वाशांना, तुळयांना कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या वापरली.

पण नवीन माल घेण्याआधी जुने वासे उतरवून नीट बघा. वासा बहुधा मधे सडत नाही, टोकाला सडतो, जिथे तो भिंतीत घुसतो किंवा पागोळीकडे बाहेर डोकावतो. हातोडीने ठोकत जा. ठणठणीत आवाज येईल तिथवर लाकूड चांगलं, ढबढब आलं की तिथून कापा. बारा फुटी वाशातलं दीड फूट गेलं म्हणून उरलेलं साडेदहा फूट जुनं लाकूड चुलीत घालणारे लोक बघितले की माझा जीव तुटतो. तसलं आता पैसे देऊनही मिळत नाही. रिपांना नाहीतर लहान पडवीला कामाला येतं.

खांबाचं दुखणं पायाशी असतं. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी. नळ्यांची तोंडं ओल्या जागी टेकली की पाणी वर चढत जातं. जुन्या लोकांनी खांबाखाली दगडी तळखडा बसवला तो शोभेसाठी नव्हे. हल्ली खांबाचा पाय सिमेंटात गाडतात. मजबूत वाटतं, पण सिमेंट ओल धरून ठेवतं आणि पाचेक पावसाळ्यांत आतल्या आत भुगा होतो. तळखडा जमिनीपेक्षा चार-सहा बोटं उंच घ्या आणि खांब नुसता टेकवा, वरचा भार त्याला हलू देत नाही.

भावाचा पाइप वाईट नाही, पण रंग दर दोन-तीन वर्षांनी द्यावा लागेल हे त्याच्याकडून लिहून घ्या.

झाड तुमच्याच जमिनीतलं तोडणार असाल तर आधी वनखात्यात अर्ज करा. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ, खैर, बिजा, अंजन अशी बरीच झाडं आहेत. आपल्या परड्यातलं आहे, कोण विचारतंय, असं म्हणून तोडलेल्या लाकडाला वाहतुकीचा पास मिळत नाही, आणि पास नसलेला माल मी तरी वखारीत उतरवून घेत नाही.

प्रश्न : रत्नागिरीहून फणसाच्या फळ्यांचं जेवणाचं टेबल करून आणलं. 36 इंच रुंद, तीन फळ्या जोडून. गणपतीनंतर नागपूरला नेलं, एप्रिलमध्ये मधोमध दोन फुटांची चीर पडली. मेस्त्रीने फसवलं का? (एक वाचक, नागपूर)

ताई, फसवलं नाही, पण विचारही केला नाही. तुम्ही भर पावसाळ्यातला कोकणातला फणस विदर्भाच्या उन्हाळ्यात नेलात.

लाकूड तोडल्यावरही हवेशी त्याची देवघेव चालू असते. हवा दमट झाली की पाणी घेतं, कोरडी झाली की सोडतं. कोकणात पावसाळ्यात ठेवलेल्या फळीत वजनाच्या 16-18 टक्के पाणी सहज असतं. नागपूरच्या मे महिन्यात तीच फळी सहा-सातवर उतरते. पाणी गेलं की लाकूड आक्रसतं, आणि गंमत म्हणजे सगळीकडून सारखं आक्रसत नाही. लांबीत जवळजवळ शून्य. रुंदीत आक्रसतं, आणि वर्षाच्या कड्यांच्या दिशेने आक्रसणं गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. म्हणूनच फळ्या नुसत्या लहान होत नाहीत, पन्हाळीसारख्या वाकतात. ढोबळ हिशेब करा: दहा टक्के पाणी गेलं आणि टक्क्यामागे रुंदी हजारात दोन भाग कमी झाली, तर 36 इंचांतून पाऊण इंचाच्या आसपास जातं. तुमच्या टेबलाला हे पाऊण इंच आत यायचं होतं. मेस्त्रीने वरचा तक्ता खालच्या चौकटीला दोन्ही कडांनी स्क्रूने आवळून टाकला असणार. तक्त्याला जागा मिळाली नाही, मग तो मधे फाटला.

आता करायचं काय? टेबल उलटं करा, खालच्या स्क्रूंची भोकं तक्त्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट करून घ्या, म्हणजे तक्ता सरकू शकेल. चिरेत लांबी, म्हणजे पुटी, भरू नका. चीर उन्हाळ्यात सर्वांत रुंद असते. आत्ता ती कडक लांबीने भरलीत तर पावसाळ्यात फुगायला जागा राहणार नाही आणि शेजारी दुसरी चीर पडेल. टेबलाला एक पूर्ण वर्ष नागपूरची हवा खाऊ द्या. मग पुढच्या उन्हाळ्यात चांगल्या मेस्त्रीकडून त्या चिरेवरच उभं कापून, कडा रंधून, पुन्हा सरसाने जोडा. खालून डमरूच्या आकाराच्या दोन ठोकळ्या बसवल्या तर आणखी बरं.

लाकडाला दोष देऊ नका. फणस सालस आहे. ताजा हळदीसारखा पिवळा, पुढे वर्षानुवर्षं तांबूस होत जातो. दारं, देव्हारे, दक्षिणेतल्या वीणा, सगळं त्याचं होतं. माझ्याकडूनही ही चूक झाली आहे. 2004 मध्ये गिऱ्हाइकाच्या घाईपायी किंजळीचा अर्धा वाळलेला माल खिडक्यांना दिला, पहिल्याच उन्हाळ्यात आठपैकी पाच खिडक्या लागेनात. त्या मी माझ्या खर्चाने बदलून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी मॉइश्चर मीटर विकत घेतला. छोटं यंत्र आहे, दोन सुया टोचल्या की आकडा येतो. तुमच्या वखारवाल्याकडे नसेल तर निदान विचारा तरी, कापून किती महिने झाले. उघड्यावर, सावलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचलेल्या मालाला इंचभर जाडीला वर्ष लागतं असा जुना हिशेब आहे. भट्टीत वाळवला तर काही दिवस-आठवडे.

प्रश्न : पोळपाट-लाटण्याला कुठलं लाकूड? (एक वाचक, डोंबिवली)

लाटणं जड हवं, बाभळीचं नाहीतर शिसवीचं. पोळपाट सागाचा, शिसवीचा, आंब्याचाही चालतो. पॉलिश चकचकीत असेल तर परत ठेवा. खोबरेल लावा, आणि धुऊन उभा वाळवा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या दिवाणाखाली रोज सकाळी पिठासारखी पांढरट भुकटी पडलेली असते. वाळवी म्हणून औषध फवारलं, फरक नाही. (एक वाचक, सातारा)

वाळवी नाही ती. वाळवी अशी पिठासारखी भुकटी पाडत नाही, ती मातीच्या नळ्या बांधत येते आणि लाकूड आतून पोकळ करून वर कागदासारखा पापुद्रा ठेवते. तुमच्याकडे आहे तो लाकूड पोखरणारा भुंगा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसतील, भुकटी बोटांत टाल्कम पावडरसारखी लागेल. याला रसकाठातलं पिष्ट हवं असतं. भोकं फिकट भागातच आहेत का बघा. दिवाणाची वरची फळी सागाची आणि आतल्या पट्ट्या आंब्याच्या किंवा रबराच्या झाडाच्या, असं फार होतं. बाहेर पैठणी, आत मांजरपाट.

पॉलिशवर फवारा मारून काही उपयोग नाही, औषध आत जातच नाही. पोखरलेल्या पट्ट्या काढून जाळून टाका. नव्या पट्ट्या कोऱ्या असतानाच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून वाळवून लावा. बदलता न येणाऱ्या भागात पेस्ट कंट्रोलवाले भोकांतून सिरिंजने औषध घालतात, ते त्यांनाच करू द्या.

प्रश्न : पुराचं पाणी घरात चार फूट होतं. फर्निचर ओलं झालंय, टाकायचं की ठेवायचं? (सांगलीच्या दोन वाचकांनी वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारलं आहे.)

या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकातून देत नाही.

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आम्ही माळ्यावर चढलो आणि उजाडल्यावर गॅलरीतून खाली बघत बसलो. वखारीचं पत्र्याचं दार कधीच गेलं होतं. सगळ्यात आधी आंब्याच्या फळ्या निघाल्या, सेंट्रिंगला विकायला ठेवलेल्या. पत्त्यांसारख्या घरंगळत, एकमेकींवर चढत रस्त्याला लागल्या. मग सावरीचे ओंडके, ते तर बुचासारखे वर. सागाच्या चौकटी तरंगल्या, पण जड अंगाने, दोन-तृतीयांश पाण्यात बुडून, आणि एका वीजखांबाला अडकून राहिल्या. ऐनाचे जुने वासे जेमतेम पाठ दाखवत होते. नवे ओले वासे दिसलेच नाहीत, ते तळाशी होते. पाणी उतरल्यावर चिखलात सगळ्यात पहिल्यांदा माझ्या पायाला लागला तो अंजनाचा ठोकळा. सासऱ्यांनी खानदेशातून आणलेला, त्यावर आम्ही पाचरी फोडतो. जिथे होता तिथेच, बोटभरसुद्धा हललेला नव्हता. अंजन पाण्यात बुडतं हे मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगत होते, त्या दिवशी बघितलं.

पुढचे तीन महिने ओलं लाकूड एवढंच आमचं काम होतं. त्यातून जे कळलं ते सांगते. भरीव लाकूड चार दिवसांच्या पाण्याने मरत नाही, नंतरच्या घाईने मरतं. आधी चिखल स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, सांध्यांतलाही, वाळल्यावर तो निघत नाही. ड्रॉवर, कपाटाची दारं, मागचे तक्ते सुटे करा. फुगलेला ड्रॉवर ओढून काढायला जाऊ नका, मागचा तक्ता काढून मागून ढकला. मग सावलीत, वारं लागेल अशा जागी, खाली विटा किंवा पट्ट्या घालून ठेवा. उन्हात अजिबात नाही. वरचं कातडं वाळतं, आत पाणी असतं आणि फळी तडकते. शेजारच्या एका बाईंनी सासूबाईंचं सागाचं कपाट गच्चीत उन्हाला लावलं. चार दिवसांत त्याच्या दारांचा पीळ असा पडला, की आजही ते दोरीने बांधून बंद करतात.

वाळलं कधी म्हणायचं? मीटर नसेल तर एक सुटा तुकडा, ड्रॉवरची एखादी पट्टी, किराणावाल्याच्या काट्यावर दर रविवारी तोला. सलग तीन रविवार वजन तेच आलं की वाळलं. त्याआधी पॉलिश नाही, रंग नाही. पावसाळ्यात दोन-तीन महिने धरून चाला.

प्लायवूडचं निराळं. साधं प्लाय पापुद्रे सोडतं, ते गेलं. मरीन प्लाय असेल, ज्यावर आयएस 710 असा शिक्का असतो, तर कडा तपासून ठेवा, आमच्याकडचे बरेच तक्ते शाबूत निघाले. एमडीएफचा विचारच करू नका. दुधात बुडवलेला पाव पुन्हा पाव होत नाही.

प्रश्न : आजीचा देव्हारा शिसवीचा आहे, जवळजवळ काळा. तसाच पलंग हवा म्हणून ‘सॉलिड शीशम’ मागवला, तर आला तो तपकिरी, रेघारेघांचा, वजनालाही हलका. शिसवी नाहीच ना हा? (एक वाचक, ठाणे)

शिसवी नाही, पण शीशम आहे. दोन वेगळी झाडं. आपली शिसव पश्चिम घाटातली, जांभळट-काळी, फार सावकाश वाढणारी. तुमच्या आजीचा देव्हारा तिचा. उत्तरेत शीशम म्हणतात तो हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांकाठी वाढतो, जवळचा नातलग, पण रंग सोनेरी-तपकिरी. सहारनपूरचं नक्षीकाम त्यावरच चालतं. लाकूड उत्तम आहे, पलंग ठेवून घ्या. काळी शिसवी आज पलंगाएवढी कुणी स्वस्तात देत असेल तर मात्र पलंगाखाली शिरून पॉलिश न पोचलेली जागा बघा. बहुधा आंबा भेटेल, काळा रंग पिऊन बसलेला.

प्रश्न : पाण्याच्या टाकीत जांभळाच्या लाकडाचा तुकडा टाकला की पाणी कधीच खराब होत नाही, असा मेसेज आला आहे. तुमच्याकडे मिळेल का? (एक वाचक, नाशिक. असेच आणखी सात जण.)

मिळेल, पण देणार नाही.

त्या मेसेजच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. जांभळाचं लाकूड पाण्याखाली फार टिकतं. उत्तरेकडे विहिरीच्या तळाला जांभळाचं कडं बसवून त्यावर बांधकाम उचलायची जुनी रीत आहे. पण लाकूड पाण्यात टिकतं याचा अर्थ पाणी लाकडामुळे टिकतं असा होत नाही. सडवणाऱ्या बुरशीला हवा लागते. पूर्ण बुडालेल्या लाकडाला ती मिळत नाही. जेट्टीचे खांब बघा, तळाशी शाबूत असतात आणि भरती-ओहोटीच्या रेघेवर कमरेतून बारीक झालेले. टाकीत तुम्ही तुकडा टाकलात तर त्यातलं टॅनिन सुटून पाणी चहासारखं होईल, आणि वर्षभराने तो तुकडा बुळबुळीत झालेला हातात येईल. टाकी घासून धुवा, क्लोरिन घाला, झाकण नीट बसवा.

प्रश्न : वहिनी, तुमच्या स्वतःच्या घराचं दार कशाचं आहे? (एक वाचक, दापोली)

फणसाचं. सासऱ्यांच्या परड्यातलं झाड वाऱ्याने पडलं, त्याचं. रुंद दोन फळ्यांचं, पितळी कडी, उंबरठा ऐनाचा. दर आषाढात ते अडतं, आणि दर आषाढात मुलगा रंधा घेऊन येतो. मी त्याला परत पाठवते. आज पावसाळ्यात कड तासली की मे महिन्यात तिथून पाल आत येते. गणपतीपर्यंत खांदा लावून उघडायचं, कडेला मेणबत्ती घासायची. दसऱ्याला ते आपणहून सुटतं.